गोष्टीवाले गेम्स: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात, घरी, लग्नाकार्यात, जिथे म्हणून कळतं की मी गेम्स खेळतो आणि तेही गोष्टीसाठी खेळतो, तिथे हेच प्रश्न येतात. दर वेळी अर्धवट उत्तर दिलं जातं म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलंय. मतं सगळी माझी एकट्याची आहेत. काही ठिकाणी शेवट फुटणार आहे, तिथे आधी सांगेन, ज्यांना तो गेम खेळायचाय त्यांनी तेवढं सोडून पुढे जा.

गोष्ट तर सगळ्याच गेममध्ये असते, मग तुमचं वेगळं काय?

असते, पण ती काढून टाकली तर काही बिघडतं का ते बघा. माझे चुलतभाऊ गावी चौघं मिळून मोबाइलवर शूटिंगच्या मॅच खेळतात, तिथे कोण कुठला आणि का लढतोय याचं कुणाला काही पडलेलं नसतं, जिंकायचं असतं, त्यात मजा आहेच, मी पण बसतो कधीकधी. मी म्हणतोय ते गेम असे की रात्री साडेअकराला डोळे मिटत असताना पण 'त्या माणसाचं पुढे काय झालं' हे कळल्याशिवाय बंद करवत नाही.

मला हे व्यसन साताऱ्यात लागलं, सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये. 'मॅक्स पेन' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'. त्या प्रिन्सवाल्या गेममध्ये सगळा खेळ म्हणजे राजपुत्र कुणाला तरी आपली हकिगत सांगतोय असं असतं, त्यामुळे तुम्ही कड्यावरून पडून मेलात की त्याचा आवाज येतो की छे, असं नव्हतं झालं, परत सांगतो. बाकीची पोरं हसायची. मला मात्र प्रश्न पडायचा की हा सांगतोय कुणाला? ते पार शेवटी कळतं (भारतातल्या महाराजाच्या मुलीला, फराहला), आणि त्या एका उत्तरासाठी मी दिवाळीचे सगळे पैसे तिथे घातले.

त्यापेक्षा सरळ पिक्चर का बघत नाही?

बघतो की, भरपूर बघतो. पण पिक्चर गोष्ट डोळ्यांना सांगतो आणि गेम ती हातांना सांगू शकतो. हे मला नीट समजलं ते 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' खेळताना, २०१३ चा गेम, तीनेक तासांचा.

इथे शेवट फोडतोय. दोन भाऊ आजारी बापासाठी औषधी पाणी आणायला निघतात. कंट्रोलरची डावी स्टिक (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) थोरल्याची, उजवी धाकट्याची, दोघांना एकाच वेळी चालवायचं, पहिला अर्धा तास नुसता गोंधळ होतो. धाकट्याच्या डोळ्यांदेखत आई बुडालेली आहे त्यामुळे तो पाण्याला घाबरतो, नदी आली की थोरल्याच्या पाठीला धरतो आणि पोहायचं काम तुमच्या डाव्या हाताकडे. शेवटाकडे थोरला मरतो. धाकटा एकटाच घराकडे निघतो, वाटेत पाणी येतं, तुम्ही उजव्या हाताने सगळं करून बघता आणि तो काठावरून हलत नाही. आणि मग कधीतरी ते डावं बोट, जे इतका वेळ रिकामं बसलेलं असतं, थोरल्याचं बटण दाबतं. धाकटा पोहायला लागतो.

गेममधली भाषा बनवलेली आहे, तिचा एक शब्द कळत नाही, आणि तरी त्या क्षणी मी कंट्रोलर खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. भाऊ गेला हे मला माझ्या डाव्या हाताने सांगितलं. हे पिक्चरमध्ये कसं करणार?

म्हणजे कटसीन (गेममध्ये मधेच येणारे, नुसते बघायचे सीन) वाईट?

अजिबात नाही, चांगला कटसीन मला पण आवडतो. त्रास कधी होतो, तर कटसीन एक सांगतो आणि हात दुसरंच करत असतो तेव्हा. 'अनचार्टेड' गेम्सचा नायक नेथन ड्रेक गप्पिष्ट, गोड माणूस आहे, आणि मधल्या वेळात माझ्या हातून शेकडो माणसं मारतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नसतो. क्लिंट हॉकिंग या डिझायनरने २००७ साली 'बायोशॉक' या गेमबद्दल लिहिताना या विसंगतीला 'ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असं नाव दिलं. जड शब्द आहे पण दुखणं बरोबर पकडलंय.

मी कधीच खेळलो नाही. कुठून सुरू करू?

छोट्यापासून. लोक उत्साहाने शंभर तासांचा गेम घेतात, दहा तासांत दमतात आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून सोडतात, असे पाच-सहा जण माझ्याच ओळखीत आहेत.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' घ्या (२०१७). एका संध्याकाळी संपतो. एक मुलगी आपल्या रिकाम्या घरात परत येते आणि एकेका खोलीत त्या त्या माणसाचा मृत्यू कसा झाला ते तुम्ही स्वतः जगता. त्यात लुईस नावाचा भाऊ मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला असतो. एका हाताने मासा ओढायचा, डोकं कापायचं, ढकलायचं, परत पुढचा मासा, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातल्या स्वप्नाच्या राज्यात चालायचं. ते राज्य हळूहळू मोठं होत जातं, सगळा स्क्रीन व्यापतं, आणि तुमचा मासे कापणारा हात चालूच असतो, बघायची गरजच राहत नाही. कंटाळवाण्या नोकरीत माणूस कसा निघून जातो हे मी इतकं खरं कुठेच अनुभवलं नाही.

दुसरा 'वेन्बा', २०२३ चा, दीड तासाचा. तमिळ जोडपं १९८० च्या दशकात कॅनडात जातं, तिथे मुलगा होतो, आणि आईजवळ तिच्या आईची पाककृतींची वही असते, डाग पडलेली, फाटलेली. त्यातलं पुसलेलं काय असेल ते ओळखून तुम्ही इडली लावायची, पुट्टू करायचं. मुलगा मोठा होतो तसा भाषेपासून लांब जातो. माझी मावसबहीण टोरांटोजवळ राहते, तिला पाठवला, तिने खेळून मला फोन केला आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, आईला विचार ना आळूच्या फदफद्याला ती चिंच कधी घालते.

इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?

जमतं. सबटायटल्स चालू ठेवा, बऱ्याच गेममध्ये अक्षरं मोठी करता येतात. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं, निम्मं इंग्रजी मी असंच कमावलंय. आणि ज्यांना तेही नको त्यांनी बिनशब्दांचे गेम बघावेत, 'जर्नी', 'इनसाइड', 'ग्रिस', एक वाक्य वाचावं लागत नाही. 'इनसाइड' लहान मुलांना मात्र देऊ नका, त्यात एक लहान पोरगाच असतो आणि त्याला मरताना बघणं जड जातं.

मोठ्या गेम्समध्ये मराठी सबटायटल्स मी अजून पाहिलेली नाहीत. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा आहे आपली, मला याचं वाईट वाटतं.

'रेड डेड रिडेम्पशन २' एवढा हळू का आहे? सगळे डोक्यावर घेतात, मी दोनदा सोडला.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी मनापासून देतो, कारण हा माझा सगळ्यात आवडता गेम आहे. शेवट फोडणार आहे.

१८९९ साल, अमेरिका, डच नावाच्या म्होरक्याची दरोडेखोरांची टोळी, आणि तुम्ही त्यातला आर्थर मॉर्गन. गेम खरोखर हळू आहे. कपाट उघडलं की एकेक डबा हाताने उचलायचा. शिकार केली की सोलायची, घोड्यावर टाकायची, आणि तो घोडा पण खरारा करून, खायला घालून हळूहळू आपलासा करायचा. दाढी वाढते. कँपात चालताना पळता येत नाही. मी पण पहिल्या बर्फातल्या भागात चिडलो होतो.

मग दुसऱ्या चॅप्टरमध्ये टोळीच्या सावकारीची वसुली करायला आर्थर डाउन्स नावाच्या गरीब माणसाकडे जातो, आणि त्याला मारायचं बटण तुम्ही दाबता. तो माणूस खोकतो, आर्थरच्या तोंडावर. तेवढंच. पुढे कित्येक तास गेम त्याबद्दल बोलत नाही, तुम्ही मासे पकडता, ट्रेन लुटता, विसरून जाता. मग आर्थर खोकायला लागतो. सेंट डेनिसच्या रस्त्यावर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, टीबी.

माझ्या आजोबांना तरुणपणी टीबी झाला होता. काही महिने मिरजेला होते, बरे होऊन आले, पण शेवटपर्यंत घरात त्यांचं ताट आणि तांब्या वेगळा होता आणि ते स्वतःच आम्हा नातवंडांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. आजोबांच्या वेळी औषध होतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, म्हणजे आर्थरच्या वेळी जंतू माहीत होता (कॉखने १८८२ मध्ये शोधला) पण इलाज नव्हता, हवापालट करा, विश्रांती घ्या, एवढंच. हे सगळं मला त्या डॉक्टरच्या खुर्चीत एकदम आठवलं आणि मी गेम बंद करून झोपलो, झोप आली नाही.

तर हळू का? कारण पन्नास तास तुम्ही ते शरीर सावकाश वापरलेलं असतं. त्याची चाल, त्याचं घोड्यावर चढणं तुमच्या हाताला माहीत झालेलं असतं. मग गाल बसतात, डोळे लाल होतात, आणि प्रत्येक ठिकाणी तो धापा टाकत थांबतो तेव्हा तुम्हाला तो फरक कळतो. गेम पटपट पळाला असता तर तो फरक कळायला आधीचं काही अंगात मुरलंच नसतं. शेवटच्या दौडीत घोडा पडतो, मागून गोळ्या येत असतात, आणि आर्थर गुडघे टेकून घोड्याचे आभार मानतो. ज्याने घोड्याला रोज खरारा केलाय त्याला ते कळेल.

दोष आहे, तो पण सांगतो. एवढं मोकळं जग दिलंय आणि मिशनमध्ये जरा आडवाटेने गेलं की 'मिशन फेल'. डावीकडून जायचं म्हणजे डावीकडूनच. हे मला आजही पटत नाही.

गेममधल्या चॉइसला खरंच अर्थ असतो का? शेवट तर तोच येतो.

शेवट तोच आला म्हणून काय झालं? टेलटेल कंपनीच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये (२०१२) तुम्ही काहीही करा, तुम्ही चालवता त्या लीचा शेवट ठरलेला आहे. पण स्क्रीनवर येतं की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल, आणि एक आठ वर्षांची पोरगी आपल्याकडे बघून शिकतेय या भीतीने मी त्या गेममध्ये आयुष्यात नाही इतका विचार करून बोललो.

पण चॉइस खरा कसा असावा याचं उत्तर माझ्या मते 'विचर ३' मधला ब्लडी बॅरन. (फोडतोय.) बायकोला मारझोड करणारा दारुडा बॅरन, त्याची बायको आणि मुलगी गायब. जंगलात एका झाडात अडकलेला आत्मा म्हणतो, मला सोडव, मी अनाथ पोरांना वाचवेन. मी विश्वास ठेवला, सोडवला. पोरं वाचली. कित्येक तासांनी बॅरनच्या वाड्यावर परत आलो तर बायको गेलेली आणि बॅरनने अंगणातल्या झाडाला गळफास घेतलेला. आत्म्याला मारलं असतं तर बायको जिवंत राहिली असती, वेडी होऊन, आणि पोरं गेली असती. यात बरोबर बटण नाहीच. परिणाम इतका उशिरा येतो की सेव्ह लोड करून, म्हणजे आधी साठवलेला खेळ उघडून, मागे जायची सोय राहत नाही, आणि म्हणूनच तो लागतो. माझी एकच विनंती आहे, पहिल्यांदा खेळताना मागे जाऊन उत्तर बदलू नका. झालं ते झालं म्हणून पुढे चला.

'लास्ट ऑफ अस २' वर एवढी भांडणं झाली, तुम्ही कुठल्या बाजूला?

गेमच्या बाजूला, पण तक्रारीसकट. इथे सगळंच फुटेल.

पहिल्या गेमचा जोएल इथे सुरुवातीलाच मारला जातो, आणि अर्ध्या गेमनंतर तुम्हाला त्याला मारणारी ॲबी बनून खेळावं लागतं. लोक चिडले, मी पण चिडलो, पहिले दोन तास मी तिला मुद्दाम मरू दिलं. मग कधी तिच्यासाठी घाबरायला लागलो ते कळलं नाही. तक्रार अशी की गेम लांबलाय, शेवटचा सांता बार्बराचा भाग अर्धा केला असता तरी चाललं असतं.

पण त्याचा शेवटचा सीन मी कुणालाही तोंडपाठ सांगू शकतो. जोएलने मुलीसारखी सांभाळलेली एली त्याचा सूड घ्यायला निघते. गेमभर ती गिटार वाजवते, जोएलने शिकवलेली, आणि ती कॉर्ड्स तुम्ही स्वतः निवडून वाजवता. शेवटच्या मारामारीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. रिकाम्या घरी येऊन ती गिटार घेते, तुम्ही तीच कॉर्ड दाबता, आणि सूर अर्धे येतात. सूडाने काय नेलं ते कुणी बोलून दाखवत नाही, तुम्ही वाजवून ऐकता.

'डिस्को एलिझियम' बद्दल खूप ऐकलंय. घेऊ का?

वाचायची आवड असेल तर आजच. दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, मारामारीची वेगळी सिस्टीम नाही, सगळं बोलण्यातून. २०१९ मध्ये एस्टोनियातल्या लोकांनी बनवलेला. स्मृती गेलेला दारुडा डिटेक्टिव्ह, झाडाला लटकलेलं प्रेत, आणि डोक्यात २४ वेगवेगळे आवाज, कुणी तर्क करतो, कुणी घाबरवतो, कुणी कविता करतो.

मला तो जवळचा वाटला त्याचं कारण त्यातला बंदरावरचा संप. माझे मोठे मामा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो रीतसर संपलाच नाही. मामा गावी परत आले, संपाबद्दल विचारलं की विषय बदलायचे. हरलेल्या चळवळीनंतर माणसं त्याच भिंतींमध्ये कशी राहतात, कोण अजून जुन्या घोषणा देतं, कोण त्यातून कमावतं, हे या गेमला इतकं आतून माहीत आहे की मामांना दाखवायला हवा होता असं मला फार वाटतं. ते २०१६ मध्ये गेले.

फायटिंग जमत नाही. ईझीवर खेळलं तर चालेल?

चालेल. गोष्ट ऐकायला आलोय ना आपण? 'लास्ट ऑफ अस २' मध्ये तर साठहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्ज आहेत, कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसांनाही तो पूर्ण खेळता येईल असा विचार करून केलेल्या. एवढी मेहनत लोकांनी खेळावं म्हणूनच घेतलीय.

आपल्याकडचं काही आहे का?

'राजी: ॲन एन्शंट एपिक', पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. भाऊ गोलूला सोडवायला निघालेली राजी, आणि तिची गोष्ट सांगताहेत दुर्गा आणि विष्णू. भिंतींवरची चित्रं बघत मी अर्धा वेळ नुसता उभा होतो. लढाई जरा अडखळते आणि शेवट तुटक वाटतो, पण पुण्यातल्या छोट्या टीमने हे केलंय याचा मला अभिमान आहे आणि मी तो पूर्ण किमतीला घेतला. बाहेरच्यांपैकी 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या अवशेषांत. आपल्याच घाटाच्या दक्षिणेकडच्या भागात जीप घालून चिखलातून चढताना फार भारी वाटतं.

मला खरं हवंय ते वेगळं. चार महिने मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगराचा गेम. वाट, पाऊस, कुत्री, गावकऱ्यांशी बोलणी. कुणी बनवत असेल तर मी आज पैसे देतो.

यूट्यूबवर बघितलं तर तेच ना?

पैसा नाही, पीसी नाही, म्हणून बघितलं तर माझं काही म्हणणं नाही, मी पण बघितलेत. फक्त 'आउटर वाइल्ड्स' बघू नका, हात जोडून सांगतो. त्यात दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. नवीन शस्त्र नाही, ताकद नाही, पुढे जायला फक्त तुम्हाला कळलेली गोष्ट उपयोगी पडते. कुणी सांगून टाकलं की गेम संपला.

महागडा पीसी लागतो का?

'रेड डेड' ला लागतो, दीडशे जीबी जागा पण लागते. 'टू द मून', 'पेपर्स, प्लीज', 'अंडरटेल' साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतात. स्टीमच्या (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) उन्हाळी आणि हिवाळी सेलची वाट बघा.

सध्या काय खेळताय?

'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन', बायकोबरोबर. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत येतं, वर जिवंत कुणी नाही. ६० माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि शेवट कसा झाला हे थिजलेल्या क्षणांत हिंडून ओळखायचं, आणि तिघांची उत्तरं बरोबर आली की गेम मान्य करतो. बायको रत्नागिरीची, सासरे बोटीवर होते, त्यामुळे कुणाच्या हातात काय आहे आणि कोण कुठे उभा आहे यावरून ती म्हणते हा तांडेल, हा सुतार, हा नवखा, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. परवा खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे नंबर तिनेच शोधले. वही तिच्याकडे असते, माऊस माझ्याकडे. मुलगी झोपली की बसतो. ३९ झालेत, अजून २१ जण उरलेत.